ऑडवारच्या हिमनदीची नाडी

ऑडवार शेलब्रेड चालत्याबोलत्या माणसाचा पुतळा करण्यात पटाईत होता.

त्याचे कामच तसे होते. हिमनदीच्या पोटाखाली काय आहे ते बघायला तिथवर कोणी उतरू शकत नाही. वर दोन-तीनशे मीटर बर्फ असतो. म्हणून बर्फात भोक पाडायचे, त्यात चिमूटभर स्फोटक ठेवायचे आणि बार उडवायचा. आवाज बर्फातून खाली जातो, तळावर आपटतो आणि प्रतिध्वनी होऊन वर येतो. तो टिपायला बर्फात ओळीने जिओफोन पुरलेले असतात. ध्रुवाजवळच्या बेटावरच्या आमच्या कोलहाव्न गावात त्यांना नुसते 'कान' म्हणतात. तळाशी खडक असला तर आवाज एका तऱ्हेने परततो, चिखल असला तर दुसऱ्या आणि पाणी असले तर तिसऱ्या. पण हे कान इतके तिखट, की जवळपास कोणी नुसता पाय बदलला तरी खालच्या खडकाऐवजी त्यांना तेच पाऊल ऐकू येते.

तेव्हा बार उडवण्याआधी ऑडवार उजवा हात वर करी आणि ओरडे, "स्तब्ध!" प्राध्यापक, विद्यार्थी, अस्वलावर नजर ठेवणारा बंदूकवाला, सगळे जिथल्या तिथे थिजत. हिमसंस्थेचा संचालक आयलर्ट एकदा नेमका एका पायावर सापडला. ऑडवारने त्याला तसाच उभा ठेवला, कारण पाय टेकवणे हीसुद्धा हालचालच. शिंक आली तर गिळायची. खोकला आला तर तो ज्याचा त्याने सोसायचा. एवढा दरारा आमच्या गावच्या पाद्र्याचाही नव्हता.

तीस वर्षे त्याने हे केले. दर वसंतात बार उडवले, माणसे थिजवली आणि दर उन्हाळ्यात अहवाल लिहिला. अहवालाचे सार एका वाक्यात मावे: खाली खडक आहे.

आता, खडक असणे यात ऑडवारचा काय दोष? पण संस्थेत हे कोण ऐकून घेतो! शुक्रवारी दुपारी तिथे वॉफल भाजतात. बूट दाराशी काढून सगळे विद्वान लोकरी मोज्यांवर भोवती जमतात, गरम वॉफलवर तपकिरी चीज ठेवतात आणि एकमेकांची पिसे काढतात.

"काय ऑडवार, यंदा काय निघालं?" हेनिंग विचारी.

"खडक."

"अरे वा! म्हणजे अजून आहे तिथंच."

हेनिंगला असे बोलणे परवडत होते. तो घसरगाडीवर रडार ठेवून हिमनद्यांवरून ओढत नेई, आणि एका वर्षी त्याला शेजारच्या हिमनदीखाली चक्क एक टेकडी सापडली होती. कोणी पाहिली नाही, कोणी पाहणारही नाही, पण सगळे तिला 'हेनिंगचं टेकाड' म्हणत. आयलर्टला तरुणपणी बर्फाखाली एक खोल चर सापडला होता, आणि त्या चरावर तो संचालकपदापर्यंत चढला होता. चरातून वर चढण्याचे एवढेच उदाहरण गावाला ठाऊक आहे.

ऑडवारच्या नावावर काही नव्हते. आणि निवृत्तीला दोन वसंत उरले होते. कोलहाव्नमध्ये म्हातारे होण्याची सोय नाही. नोकरी संपली की माणूस सामान बांधतो आणि जहाजाने मुख्य भूमीवर जातो. जाण्याआधी खडकाखेरीज काहीतरी सापडावे, एवढेच त्याचे मागणे होते. वॉफलच्या टेबलाशी एकदा, फक्त एकदा, "पाणी" असे म्हणता यावे.

म्हणून त्या वर्षी त्याने बार उडवणे बंद केले. बोलायचेच नाही, नुसते ऐकायचे, असा बेत केला. तळाशी पाणी वाहत असेल तर त्याची थरथर कधीतरी कानांवर पडेलच. फेब्रुवारीच्या शेवटी, उजेड परत येऊ लागल्यावर, तो व्होटे हिमनदीवर गेला. व्होटे म्हणजे हातमोजा. तिचा आकार तसा आहे, एक अंगठाही आहे. अंगठ्याच्या बुडाशी सपाट, वाऱ्याच्या आडोशाची छान जागा होती. त्या बाजूला बर्फावरच्या स्कूटरना बंदी, त्यामुळे माणसांची वर्दळ नाही. त्याने सहा कान गोलाकार पुरले. मधोमध बॅटरी आणि नोंदयंत्र ठेवलेली लांबट लाकडी पेटी ठेवली, थंडी लागू नये म्हणून तिच्यावर जाड गादीसारखा थर बसवला. वाट चुकू नये म्हणून हिमनदीच्या पायथ्यापासून पेटीपर्यंत लाल फडकी बांधलेल्या बांबूच्या काठ्या रोवल्या. पेटी जे ऐकेल ते रेडिओवरून थेट संस्थेत पाठवणार होती. पुन्हा तिथे जायचे कारणच नव्हते. व्होटे ऑडवारच्या खिडकीतून समोर दिसे. तिच्याकडे पाठ करून तो पडद्यावर तिची थरथर बघत बसे.

आता ऑडवारची बायको. गुनवोर बालवाडीत शिकवे, आणि दर रविवारी दुकानातल्या आस्लाउगबरोबर आणि आणखी तीन बायकांबरोबर स्कीवर फिरायला जाई. आस्लाउग सत्तरीला टेकलेली, दुकानात गल्ल्यावर बसणारी, पण बंदूक खांद्याला अडकवून पुढे तीच असे. गावात त्यांना रविवार मंडळ म्हणत. गुनवोर दर रविवारी दारातून विचारी, "येतोस का?" आणि ऑडवार म्हणे, "आज नको." हे इतकी वर्षे चालले होते की आता प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी निघत.

मार्चच्या पहिल्याच रविवारी ती लालबुंद गालांनी घरी आली. संध्याकाळी उकडलेला कॉड आणि बटाटे वाढले. ऑडवारने जेवतानाही कानाला हेडफोन लावले होते. बर्फाची थरथर माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तो नोंदी भरभर पळवून ऐके.

"पालिकेला सुबुद्धी सुचलीय हं," गुनवोर म्हणाली. "व्होटेच्या अंगठ्यापाशी बाक ठेवलाय. मऊ गादीचा! आणि वाटेवर लाल फडकी लावलीत, म्हणजे आमच्यासारख्या बायका धुक्यात चुकायला नकोत. आस्लाउग म्हणाली, इतकी वर्षं कर भरल्याचं सार्थक झालं."

"हं," ऑडवार म्हणाला.

"बटाटे अजून घेतोस?"

"हं."

तिने तीन बटाटे वाढले. त्याने तेही खाल्ले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भूभौतिकीची माणसे वार पाळत नाहीत. एक जानेवारीला पहिला दिवस धरून ती वर्षभर दिवस नुसते मोजत जातात. सोमवार-मंगळवारची अडगळ मोजमापात कशाला, असा त्यांचा हिशेब. तर वर्षाच्या बासष्टाव्या दिवशी व्होटेच्या तळातून अर्धा-पाऊण तास थरथर आली. ऑडवारने मान वर केली. एकोणसत्तराव्या दिवशी पुन्हा तशीच आली. त्याने हेडफोन घट्ट दाबून धरले. शहात्तराव्या दिवशी ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा तो जेवायला विसरला.

दर सात दिवसांनी! निसर्गात सात दिवसांनी काय होते? कोणत्याही शाळकरी पोराने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले असते. ऑडवारने आकाशाकडे पाहिले.

अमावस्येपासून अष्टमी, अष्टमीपासून पौर्णिमा: सात दिवस आणि वर थोडेसे. व्होटेचे टोक समुद्राच्या खाडीत उभे आहे. अमावस्या-पौर्णिमेला मोठी भरती. ती पाणी हिमनदीच्या पोटाखाली ढकलत असणार. अष्टमीला भरती लहान. तेव्हा ते पाणी सुटून बाहेर येत असणार. म्हणजे खाली पाणी आहे! भरपूर पाणी आहे, आणि हिमनदी चंद्राच्या तालावर ते आत-बाहेर करते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि ऑडवारने कावळ्याचे वजन काढायला सुरुवात केली.

थोडी अडचण होती. थरथर चंद्राच्या तिथीला न येता दोन-चार दिवस उशिरा येई. ऑडवार म्हणाला, साहजिक आहे, पाण्याला वाटेत वेळ लागतो. पुढच्या आठवड्यांत हा उशीर कमी कमी होत गेला. ऑडवार म्हणाला, हेही साहजिक आहे, वसंत येतोय, बर्फातल्या वाटा रुंद होताहेत. चंद्राची चाल आणि आठवड्याची चाल सारखी नसते, एवढाच त्याचा अर्थ होता. पण ज्याला एकदा उत्तर सापडले, त्याला प्रश्नच उत्तराची री ओढताना दिसतात.

शुक्रवारी त्याने वॉफल हातात घेतले आणि तीस वर्षे राखून ठेवलेला शब्द उच्चारला.

"पाणी."

हेनिंगचे चीज खाली पडले. आयलर्टने त्याला खोलीत नेऊन खोदून खोदून विचारले. "माणसं नाहीत ना तिथं? स्कूटर?"

"स्कूटरला बंदी आहे."

"मग माणसं नाहीतच," आयलर्ट म्हणाला. संस्थेतली माणसे स्कूटरशिवाय कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतही जात नसत. बाकीचे जग काही वेगळे करत असेल हे त्यांना सुचणार कसे! ऑडवारने यावर शोधनिबंध लिहायला घेतला आणि त्यात वाक्य टाकले: 'या भागात मानवी वावर नाही.' आयलर्टला ते इतके आवडले की त्याने ते पहिल्या परिच्छेदात वर घेतले.

मग ईस्टर आला. ऑडवारने आधीच भाकीत केले होते, "पौर्णिमेला बघा, गंमत होईल." पौर्णिमा आली गुड फ्रायडेला. आणि व्होटे खरोखरच वेडी झाली. गुरुवारी थरथरली, शुक्रवारी थरथरली, शनिवार, रविवार, सोमवार, ओळीने पाच दिवस! ऑडवार घरात एकटा हेडफोन लावून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. गुनवोर रोज सकाळी संत्र्यांची पिशवी, चॉकलेट, कॉफीचा थर्मास आणि एक खुनाची कादंबरी पाठीवर टाकून बाहेर पडत होती, जशी आमच्याकडे ईस्टरला प्रत्येक धडधाकट बाई-बुवा पडतो. घर शांत होते. ऑडवारला वाटले, किती बरे झाले, नेमके या दिवसांत हिला बाहेर काम निघाले.

वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, हे तो शाळेत शिकला होता. पौर्णिमा आणि ईस्टरची सुट्टी, दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या कपाटांत होत्या.

पुढच्या आठवड्यात गावच्या सभागृहात त्याचे व्याख्यान झाले. सगळे गाव आले, रविवार मंडळ पहिल्या रांगेत. ऑडवारने आलेख दाखवले, दिवसांचे आकडे दाखवले, शेवटी थरथर मोठी करून ऐकवली: धडधड, धडधड, धडधड. बालवाडीतली मुले ताल धरून हलू लागली. "ही आपल्या व्होटेची नाडी," ऑडवार म्हणाला.

आस्लाउगने हात वर केला. "ऑडवार, आम्ही तिच्या अंगावर उभं राहिलो तर पायाला जाणवेल का रे?"

"छे छे, आस्लाउग," तो प्रेमाने म्हणाला. "माणसाच्या पायाला एवढं बारीक कुठलं कळायला!"

गुनवोरने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ऑडवार दुकानात शिरला की लोक वाट देऊ लागले. पुढच्या वसंतात गरम पाण्याने व्होटेला तळापर्यंत भोक पाडायचे ठरले, आणि आयलर्टने मुख्य भूमीवरच्या बड्या मंडळींना निमंत्रणे धाडली. निबंध तपासणाऱ्यांनी कळवले, काम उत्तम, फक्त चंद्राचा भाग आणखी वाढवा.

मेच्या सुरुवातीला ऑडवार पेटी आणि कान काढून आणायला व्होटेवर गेला. अस्वलावर नजर ठेवायला बंदूक घेऊन हेनिंग आला होता. हल्ली तो ऑडवारशी फार गोड वागे. उन्हाने वरचा भुसभुशीत बर्फ खाली बसला होता. आणि पेटीभोवती, कानांच्या वर्तुळात, बर्फ घट्ट तुडवलेला होता, लग्नाच्या मांडवातल्या जमिनीसारखा. त्यात नारिंगी काहीतरी चमकत होते.

ऑडवार वाकला. संत्र्याच्या साली. त्यांत एक साल अखंड, लांब, वळणावळणाची. संत्रे असे एका फितीत सोलणारी एकच व्यक्ती त्याला ठाऊक होती. तीस वर्षे तो न्याहारीला तिच्यासमोर बसत होता.

"काय रे?" मागून हेनिंगने विचारले.

"काही नाही. कोल्हा येऊन गेलेला दिसतो."

हेनिंग जवळ आला. त्याने तुडवलेला बर्फ पाहिला, स्कीचे माग पाहिले, पेटीच्या गादीवर उमटलेल्या पाच बैठकी पाहिल्या. पुढच्या वर्षीच्या खोदाईत रडारचे सगळे काम त्याच्याकडे होते. त्याने बंदुकीचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"कोल्हाच असणार," हेनिंग म्हणाला. "संत्री आवडतात त्यांना."

दोघांनी एकमेकांकडे न बघता सामान भरले.

घरी येऊन ऑडवारने खिशातल्या साली टेबलावर ठेवल्या. गुनवोर एकदम ओशाळली.

"अगोबाई, सापडल्या होय! मी म्हटलं होतं आस्लाउगला, पिशवीत भर म्हणून. म्हणे, पक्षी खातील. संत्र्याची साल कुठला पक्षी खातो? पालिकेकडे तक्रार गेली का रे?"

"किती वेळा गेलात तुम्ही तिथं?"

"दर रविवारी. ईस्टरला तर रोजच. सांगितलं होतं ना तुला, त्या बाकाचं."

"कुठला बाक?"

"अरे, पालिकेनं ठेवलेला! मऊ गादीचा."

ऑडवार खुर्चीवर बसला. "आणि तिथं बसून करता काय?"

"काय करणार? कॉफी पितो. संत्रं खातो. मग गारठा चढतो, तेव्हा आस्लाउग तोंडाचा बाजा वाजवते आणि आम्ही गोल धरून नाचतो. चांगले पाय आपटून. त्याशिवाय ऊब येत नाही." ती बोलता बोलता थांबली. त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली. "ऑडवार. ती नाडी..."

"हो."

"धडधड, धडधड..."

"हो, गुनवोर."

तिने ओठ घट्ट मिटले. एखाद्या माणसाला जितका वेळ हसू दाबता येते तितका वेळ तिने दाबले. मग तिने भांडी पुसायच्या फडक्यात तोंड खुपसले. तिचे खांदे हलत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऑडवारने कोणाला "स्तब्ध" म्हटले नाही.

"पण तूच म्हणालास ना सभागृहात," ती डोळे पुसत म्हणाली, "पायाला एवढं बारीक कळत नाही!"

"म्हणालो."

"खरंच नाही कळलं रे."

तो उठला, बालवाडीतून तिने आणलेले चित्रांचे कॅलेंडर भिंतीवरून काढले आणि दिवस मोजू लागला. प्रत्येक थरथर मोजून झाली, तेव्हा त्याच्या बोटाखाली फक्त लाल अक्षरातले वार होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; ऑडवार तर वळसा घालायला चंद्रापर्यंत गेला होता.

पण माणूस तीस वर्षांचा पक्का कसबी. नुसत्या सालींवर विश्वास ठेवणे त्याच्या कुंडलीत नव्हते. पारखून बघायला हवे, म्हणून तो दुकानात गेला.

"आस्लाउग, येत्या रविवारी व्होटेवर जाऊ नका. त्याऐवजी बुधवारी जा."

"का? देवानं वार बदलले?"

"विज्ञानासाठी."

"विज्ञानाला म्हणावं, बुधवारी जहाज येतं. भाजी मी उतरवायची का विज्ञानानं?"

"आस्लाउग, एकदाच."

तिने गल्ल्याआडून त्याला आपादमस्तक न्याहाळले. गुनवोरने तिला सगळे सांगितले होते हे उघड होते. सांगितले नसते तर आमच्या गावाचे नाव बदलावे लागले असते. "येऊ," ती म्हणाली. "पण एका अटीवर. तूही नाचायचं."

"मी नाचलो तर नोंद बिघडेल."

"आत्ता काय मोठी सुधारलेली आहे?"

ऑडवारने पेटी पुन्हा नेऊन ठेवली आणि कान पुरले. रविवारी व्होटे मुकाट पडून राहिली, मेल्यासारखी. बुधवारी ऑडवार गुनवोरच्या मागोमाग धापा टाकत वर चढला, कॉफी प्यायला, संत्रे खाल्ले आणि आस्लाउगच्या बाज्यावर नाचला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नाडी होती, स्वच्छ, ठसठशीत. तिच्यात पाच हलकी पावले एका तालात होती, आणि सहावे एक जड पाऊल होते, दर वेळी अर्धा ठोका उशिरा येणारे.

तो आलेख घेऊन ऑडवार संचालकाच्या खोलीत गेला. हेनिंग आधीच तिथे बसला होता.

आयलर्टने शांतपणे ऐकून घेतले. "बरं. बायका रविवारी नाचतात, कबूल," तो म्हणाला. "पण त्याच वेळी खाली हिमनदीही धडधडत नसेल, हे कशावरून?"

"बायका गेल्या नाहीत त्या रविवारी ती गप्प होती."

"एक रविवार! एका रविवारावरून निष्कर्ष काढतोस? अरे, पाच बायकांनी चंद्र रद्द होत नाही. लिही, 'या विषयाचा अधिक अभ्यास आवश्यक आहे.' यात खोटं काय? अभ्यास नेहमीच आवश्यक असतो."

"पाहुणे यायचेत ऑडवार," हेनिंग हळूच म्हणाला. "आणि कोल्हाही असू शकतो."

ऑडवार खिडकीतून बाहेर बघत होता. व्होटे उन्हात पसरलेली होती, अंगठा वर करून. ते वाक्य लिहिले असते तर निवृत्तीपर्यंत सहज निभावले असते. भोकाचा अहवाल छापून येईपर्यंत तो मुख्य भूमीवर पोहोचला असता, आणि भोकात पाणी निघाले नाही तर दोष भोकाचा झाला असता. वॉफलच्या टेबलाशी त्याचे नाव राहिले असते.

"तीस वर्षं मी तुम्हाला एकच कंटाळवाणी गोष्ट सांगत आलो," तो म्हणाला. "पण ती खरी होती."

त्याने निबंध त्याच दुपारी मागे घेतला.

सतरा मे हा आमचा राष्ट्रीय सण. मिरवणूक झाली, झेंडे झाले, मुलांची गाणी झाली, सगळे सभागृहात केक खायला बसले. तेव्हा ऑडवार उठला. त्याने सवयीने उजवा हात वर केला आणि सभागृह खरोखर स्तब्ध झाले. काट्यावर टोचलेले केकचे तुकडे हवेत राहिले. मग त्याने सांगितले. ती नाडी व्होटेची नाही. दर रविवारी तिथे नाचणाऱ्या माणसांच्या पायांचे ते आवाज होते. चंद्राचा त्याच्याशी संबंध नाही. 'मानवी वावर नाही' हे त्याने लिहिले ते चूक होते, कारण त्याने घरी विचारले नव्हते.

काटे हळूहळू खाली आले. मग पहिल्या रांगेतून आस्लाउगचा आवाज आला.

"म्हणजे रे, नाडी आमची होती?"

"तुमची, आस्लाउग."

"बरी आहे ना मग?"

"उत्तम आहे."

त्यानंतर जे हसणे सुरू झाले ते बंदरावर ऐकू गेले म्हणतात. ऑडवार हसला नाही, पण बसताना त्याने गुनवोरच्या ताटलीतला केक उचलून खाल्ला, आणि ती म्हणाली, "तुझा तिकडे आहे," आणि दुसरा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

संस्थेचे काय झाले असे कोणी विचारेल. संस्थेचे कधी काही होत नसते. आयलर्टने पंधरवड्यात नवी योजना लिहिली: ध्रुवीय हिमनद्यांवर मानवी करमणुकीचा परिणाम. ती आधीच्या योजनेपेक्षा लवकर मंजूर झाली. प्रमुख हेनिंग. त्यासाठी तो आणि तीन सहकारी दर रविवारी कामावर येऊ लागले, आणि पहिला निष्कर्ष असा निघाला, की या विषयाचा अधिक अभ्यास आवश्यक आहे.

ऑडवारने उन्हाळ्यात जुन्या नोंदींतून सगळे रविवार आणि ईस्टरचे पाच दिवस काढून टाकले आणि राहिलेले ऐकत बसला. बरेच आठवडे ऐकले. अहवालात त्याने लिहिले: खाली खडक आहे. शुक्रवारी कोणी विचारले तर आता तो हा शब्द मान ताठ ठेवून म्हणे, आणि हेनिंग चीजची बशी त्याच्यापुढे सरकवी.

राहिला बाक. ऑडवारने पेटी कायमची काढून आणली तेव्हा रविवार मंडळाने पालिकेत रीतसर तक्रार केली, की नागरिकांचा बाक कोणीतरी पळवला. पालिकेला बाक ठेवल्याचे आठवेना. पण नाही म्हणायचे कसे? पुढच्या वसंतात अंगठ्याच्या बुडाशी खरा लाकडी बाक आला, गादी मात्र नाही.

तो ऑडवारचा शेवटचा वसंत. मार्चमधल्या एका रविवारी गुनवोरने दारातून सवयीने विचारले, "येतोस का?" आणि तो म्हणाला, "थांब, मोजे चढवतो." ती दार उघडे ठेवून तशीच उभी राहिली, घरभर थंडी शिरली, तरी तिच्या ते ध्यानात आले नाही.

वर बाकावर सहा जण दाटीवाटीने बसले. कॉफी झाली. गुनवोरने संत्रे एका फितीत सोलले, अर्धे त्याला दिले, आणि साल पिशवीत टाकली. ऊन होते पण वारा बोचरा होता. आस्लाउगने बाजा तोंडाला लावला, बायका उठल्या, गोल धरला आणि पाय आपटू लागल्या. ऑडवारही उठला, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. तीस वर्षांची सवय; पायाचा आवाज आला की हात वर.

आस्लाउगने बाजा बाजूला केला.

"हात खाली, ऑडवार," ती म्हणाली. "आता पाय वर."

त्याने हात खाली घेतला. एकदा पायाखालच्या बर्फाकडे पाहिले. मग पाय उचलला आणि जोरात आपटला, अर्धा ठोका उशिरा.